रातूंच्या डोक्यावरची टाचणी

मोलीवाई गावची माणसं दोन ठिकाणी बोलतात. एक माझ्या दुकानाच्या फळीपाशी आणि दुसरं सभागृहात, रातूंसमोर. दोन्हीकडचं बोलणं सारखं असावं अशी अपेक्षा इथे कुणी ठेवत नाही. मी ठेवतो, कारण मी दुकानदार आहे. साखर नेताना कोण काय म्हणाला आणि चटईवर बसल्यावर तोच काय म्हणाला, अशी दोन खाती माझ्या डोक्यात कायम उघडी असतात. आजवर ती एकदाही जुळलेली नाहीत.

मी मूळचा इथला नाही. माझं बेट पलीकडचं, बायकोमुळे इथे आलो. पण माझ्या बेटाचा आणि या बेटाचा मूळपुरुष एकच, देव एकच. त्यामुळे आमच्या माणसाने इथल्यांची हवी तशी टर उडवायची, त्यांच्या ताटातला मासा उचलायचा, आणि त्यांनी हसायचं, असा रिवाज आहे. खुद्द रातूंना, म्हणजे आमच्या गावच्या राजांना, मी विचारू शकतो, "काय म्हातारबुवा, अजून आहात?" ते म्हणतात, "तुझ्या दुकानातली बिस्किटं खाऊनसुद्धा आहे, कितियोने!" हेच दुसऱ्या कुणी विचारलं असतं, तर त्याला यांगोनाच्या, म्हणजे इथे गुंगीसाठी पाण्यात कालवून पितात त्या मुळ्यांची जुडी घेऊन, गुडघ्यावर चालत माफी मागायला यावं लागलं असतं.

तर समुद्राने आमचं गाव खायला घेतलं आहे. घाईने नाही, चवीने. आधी किनाऱ्यावरची नारळांची रांग खाल्ली, मग जुनं कबरस्तान, मग पाद्र्यांचा डुकरांचा गोठा. आता पाळी वासेमाथाच्या घराची. वासेमाथा ही कोळ्यांच्या कुळातल्या पेनायाची बायको. पेनाया माझा मासेमारीचा जोडीदार. तो गेला, आणि दोन पावसाळ्यांत त्याची कबरही गेली. घरात ती आणि तिची सासू, बू सेरुवाया. बू म्हणजे आजी. म्हातारीला सगळं गाव आजीच म्हणतं. तिचे पाय गेले आहेत, जीभ शाबूत आहे. अमावास्या-पुनवेची मोठी भरती आली की वासेमाथा पलंग विटांवर चढवते, कोंबड्या आढ्याला टांगते आणि सासूला पाठीवर घेऊन गुडघाभर पाण्यातून पाद्र्यांच्या देवळात जाते. म्हातारी पाठीवरून ओरडत असते, "सावकाश चाल गं, मी काय कसाव्याचं पोतं आहे?"

गाव हलवायचं हे ठरलं होतं. कुठे हलवायचं, हे ठरत नव्हतं. जागा दोन. शाळेमागचं मैदान, जिथे पोरं रग्बी खेळतात. ते सपाट, देवळाच्या शेजारी, आणि किनाऱ्यापासून हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर. दुसरी जागा म्हणजे डोंगराची सोंड, जिथे आमचे कसाव्याचे मळे आहेत. चढ आहे, पण पाण्याने तिथे यायचं म्हटलं तर त्यालाही दम लागेल.

माझ्या फळीपाशी सगळं गाव सोंडेच्या बाजूचं होतं. पाद्री म्हणाले, सोंड. मास्तर म्हणाले, सोंड. रातू सेवानाया स्वतः तंबाखू घ्यायला आले, ओले पाय फळीखालच्या गोणपाटाला पुसले आणि डोंगराकडे बघत म्हणाले, "सोंडेवर वारा छान असेल, नाही रे?" मी खात्यात नोंद केली.

मग राजधानीतून, सुव्हाहून, आलेसी आली. सरकारी कचेरीतली बाई, आमच्यातलीच, पण शहरात वाढलेली. बसताना पाय कसे दुमडायचे हे तिला आठवून करावं लागायचं. तिने सोबत आणलं होतं एक यंत्र आणि एक कल्पना. कल्पना अशी की गावाने आपल्या हाताने गावाचा डोंगर बनवायचा. नकाशावरच्या चढाच्या रेषेगणिक एक पुठ्ठा कापायचा, एकावर एक चिकटवायचा, की झाला डोंगर. बायकांनी आणि शाळेतल्या पोरांनी कितीतरी दिवस शाळेच्या ओट्यावर बसून तो केला. खारफुटीला हिरवी लोकर, ओढ्याला निळा दोरा, देवळाला काडेपेटी. सोंडेचे पुठ्ठे वासेमाथाने कापले होते. तिने इतक्या तब्येतीने कापले की मास्तर म्हणाले, "बाई, खऱ्या डोंगरालासुद्धा इतक्या सरळ कडा नाहीत."

"मग खऱ्याला सुधारायला सांगा," ती म्हणाली.

यंत्र म्हणजे लॅपटॉप, वर टांगलेला कॅमेरा आणि प्रोजेक्टर. प्रत्येक घराला एक रंगीत डोक्याची टाचणी, तिच्यावर घराच्या नावाची चिठ्ठी. जिथे राहावंसं वाटतं तिथे टोचायची. कॅमेरा टाचण्या बघणार, भिंतीवरच्या चादरीवर सगळ्या गावाला दाखवणार. मग आलेसी एक कळ दाबणार आणि पुठ्ठ्याच्या डोंगरावर वरून निळा उजेड पडणार: आज समुद्र कुठे, पोरांच्या वेळी कुठे, नातवंडांच्या वेळी कुठे. गावाने बघायचं, बोलायचं, टाचण्या हलवायच्या, आणि शेवटी जे उरेल तो गावाचा निर्णय. तो घेऊन आलेसी संध्याकाळच्या बोटीने परत जाणार. त्यावर कचेरीची मोहोर उठली की पुन्हा बदल नाही, हे तिने आधीच स्पष्ट सांगितलं होतं.

कल्पना उत्तम होती. तिच्यात मोलीवाईची माणसं धरलेली नव्हती, एवढंच.

सभागृहात आमच्या बसण्याला वरची बाजू आणि खालची बाजू असते. वरच्या बाजूला रातू, मग त्यांचे भाऊबंद, मग बाकीची कुळं, आणि दाराशी, चपलांच्या जवळ, कोळी आणि बायका. डोंगर ठेवायचा तर तोही रीतीने ठेवायला हवा. म्हणून तो रातूंच्या पुढ्यात, बुटक्या चौरंगावर ठेवला. समुद्राची बाजू दाराकडे, डोंगराची बाजू रातूंकडे. रातू चटईवर मांडी घालून बसले की सोंड बरोबर त्यांच्या कपाळाच्या उंचीवर यायची. दारातून बघणाऱ्याला वाटावं, रातूंच्या डोक्यावर डोंगर उगवला आहे.

यांगोनाच्या लाकडी परातीतून करवंटी भरभरून फिरली, टाळ्या वाजल्या. आलेसीने अदबीने हात जोडले. "पहिली टाचणी रातूंनी लावावी अशी विनंती."

जेरेमायाने मान डोलावली. हा जेरेमाया म्हणजे रातूंचा मुखत्यार. रातू सभेत फारसे बोलत नाहीत, त्यांच्या वतीने हा बोलतो. त्याच्या पदाला आमच्यात भूमीचा चेहरा म्हणतात. चेहरा थोडा फुगीर आहे, पण तो यांगोनामुळे.

रातूंनी टाचणी उचलली. हात सोंडेकडे गेला, क्षणभर थांबला, आणि खाली उतरून मैदानाच्या कडेला टाचणी टोचून परत आला.

मी चमकलो. तंबाखूच्या वेळची नोंद मला पाठ होती.

मग जेरेमायाची पाळी. आता रातूंच्या घराच्या वर आपलं घर कोण बांधणार? रातू बसलेले असताना आम्ही त्यांच्यासमोरून उभ्याने जात नाही. त्याने आपली टाचणी रातूंच्या बोटभर खाली लावली. पाद्र्यांनी जेरेमायाच्या खाली. मास्तरांनी पाद्र्यांच्या खाली. प्रत्येक जण वाकत पुढे यायचा, कुणाची टाचणी कुठे आहे ते बघायचा, आणि आपली पायरी ओळखून त्याखाली टोचायचा. मैदान भरलं. मैदानाखालचा शाळेचा ओटा भरला. कोळ्यांच्या कुळाची पाळी येईपर्यंत कोरडी जमीन संपत आली होती. वासेमाथा उठायला लागली, तर जेरेमाया म्हणाला, "बस गं तू, कशाला उठतेस. तुझी मी लावतो." आणि तिची टाचणी त्याने जिथे तिचं घर आज आहे, जवळजवळ तिथेच लावून टाकली.

"मी हललेच नाही की," वासेमाथा दारातून म्हणाली.

"चार पावलं हललीस," जेरेमाया म्हणाला. "आत, देवळाच्या बाजूला."

आलेसीने कळ दाबली. निळा उजेड किनाऱ्यावरून सरकत आत आला. वासेमाथाची टाचणी पहिल्यांदा बुडाली. मग कोळी, मग मास्तर, मग पाद्री. नातवंडांच्या वेळी मैदानाचं तळं झालं आणि रातूंच्या टाचणीचं फक्त लाल डोकं वर राहिलं. सोंड सगळी कोरडी, आणि तिच्यावर एकही टाचणी नाही.

चादरीवर यंत्राने हिशेब मांडला. टाचण्या जितक्या जवळ, तितकं गावाचं मन एक, असं त्याचं गणित. मोठ्या हिरव्या अक्षरांत उमटलं: संपूर्ण एकमत.

परातीत करवंटी बुडवल्याचा आवाज तेवढा आला.

"म्हणजे," आलेसी चष्मा सारखा करत म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी पाणी पाहिलंत ना?"

"पाहिलं," जेरेमाया म्हणाला.

"आणि तरी सगळ्यांना हीच जागा हवी आहे?"

"अक्षरं वाचा की बाई. एकमत. आमच्या गावात भांडण नाही."

"पण पाणी…"

"पाणी तुमचं आहे," जेरेमाया म्हणाला. "एकमत आमचं."

लोक खूश होऊन हसले. आपलीच जलसमाधी ठरवून इतकी समाधानी झालेली माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. आलेसी म्हणाली, आधी जेवून घेऊ, मग टाचणी हलवायची कुणाला इच्छा असेल त्याला शेवटची संधी, आणि त्यानंतर ती नोंद करेल.

जेवण मांडवात होतं. उकडलेला कसावा, नारळाच्या दुधातला मासा, तारोच्या, म्हणजे अळूच्या पानांची गाठोडी. मी माझ्या वाट्याचा मासा संपवून पाद्र्यांच्या ताटातल्या माशाकडे वळलो होतो, तेवढ्यात वासेमाथा मागून येऊन उभी राहिली.

"भाऊजी, इकडे या जरा."

आम्ही पाणवठ्याच्या बाजूला गेलो. तिच्या हातात टाचणी होती. जेरेमायाने तिच्या नावाने लावलेलीच.

"काढलीस? कधी?"

"सगळे जेवायला पळाले तेव्हा. तुमच्याखेरीज कुणाचंच लक्ष ताटावरून हलत नाही, आणि तुमचं दुसऱ्याच्या ताटावर असतं."

"आता काय करणार?"

"सोंडेवर लावणार."

मी डोंगर कसा ठेवला आहे ते डोळ्यांपुढे आणलं. सोंडेवर टाचणी लावायची तर चौरंगावर ओणवं होऊन रातूंच्या कपाळावरून हात न्यायला लागणार. राजाच्या डोक्यावरून आमच्यात हात नेत नाहीत; फार तर वाकून, क्षमा मागून करवंटी देता येते, पंखा देता येतो. डोक्याच्या वर घर मांडता येत नाही.

"वहिनी, डोकं ताळ्यावर आहे ना?"

"डोकं आहे. जमीन नाही."

"हे बघ," मी म्हणालो, आणि मला माझाच अभिमान वाटला इतकी युक्ती छान होती. "ती टाचणी मला दे. मी जातो, रातूंच्या डोक्यावर टोचतो आणि म्हणतो, हा घ्या मोलीवाईच्या राजाचा संडास, वारा छान आहे! मला कुणी रागावूच शकत नाही. सगळे हसतील. टाचणी वर लागली की लागली."

ती हसली नाही. "आणि हसून झाल्यावर?"

"हसून झाल्यावर काय?"

"थट्टा संपली की टाचणी काढतील. तुमचं लावलेलं कुणी खरं मानेल? गावात तुम्हाला काहीही बोलायची मुभा आहे, भाऊजी. म्हणून तुमचं कुणी काहीच ऐकत नाही."

इतकं खरं मला माझ्या बायकोनेही कधी सुनावलेलं नाही.

"मग माफी मागावी लागेल तुला. यांगोनाची जुडी घेऊन, गुडघ्यावर."

"बघू."

"माफी नाही मिळाली तर गाव तुझ्याशी बोलणार नाही."

"आता कोण बोलतंय? जेरेमाया माझं घर कुठे असावं ते परस्पर ठरवतो. पाणी माझ्या घरी येतं तेही विचारून येत नाही, पण निदान मला बस तरी म्हणत नाही." तिने टाचणी मुठीत घट्ट धरली. "एकच करा. मी लावते तेव्हा थट्टा करू नका. कुणी सांगितलं तरी करू नका. जमेल?"

मी म्हणालो, "जड आहे."

"म्हाताऱ्या सासूपेक्षा जड नाही," ती म्हणाली आणि गेली.

दुपारी पुन्हा सगळे आपापल्या पायरीवर बसले. भरती चढत होती. दाराबाहेर पाण्याची छपछप ऐकू यायला लागली होती. म्हातारी बू सेरुवाया दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. चादरीवर हिरवं एकमत तसंच झळकत होतं; एक टाचणी कमी झाल्याचं कॅमेऱ्याने पाहिलं असेल, माणसांनी पाहिलं नव्हतं.

आलेसीने विचारलं, "कुणाला आपलं घर हलवायचं आहे का?"

चटईकडे बघणारी इतकी माणसं एका वेळी बघायला मिळणं कठीण. प्रत्येकाला सोंड हवी होती, आणि प्रत्येक जण दुसऱ्या कुणीतरी रातूंना वर बोलवावं याची वाट बघत होता.

वासेमाथा दारातून उठली. रीतीप्रमाणे कंबरेत वाकून, जमिनीकडे बघत, माणसांच्या रांगांमधून पुढे आली. कुणाला वाटलं परात भरायला चालली आहे. चौरंगापाशी आली आणि ताठ उभी राहिली. मग पुढे झुकली, हात लांब केला, रातूंच्या कपाळावरून नेला आणि आपण कापलेल्या पुठ्ठ्यात, सोंडेच्या कडेवर, टाचणी रोवली. अंगठ्याने दाबून पक्की केली.

"हे वासेमाथाचं घर," ती म्हणाली. "आणि बू सेरुवायाचं. कुणाला घाईत वाचता येत नसेल म्हणून मोठ्याने सांगते."

करवंटी परातीत पडली. रातू हलले नाहीत. जेरेमायाचा चेहरा, म्हणजे आमच्या भूमीचा चेहरा, लाल झाला.

"काढ ती."

"नाही."

"रातूंच्या डोक्यावर घर बांधतेस?"

"डोंगरावर बांधते. डोंगर तुम्ही त्यांच्या डोक्यापाशी ठेवलात."

"काढ म्हणतो ना!"

"तुम्ही काढा," ती म्हणाली आणि मागे सरून उभी राहिली. "माझी टाचणी लावायला तुम्हाला आवडतं ना? या, काढा."

जेरेमाया तावातावाने अर्धवट उठला. हात पुढे केला. आणि तिथेच थबकला. टाचणी काढायची तर त्यालाही रातूंच्या कपाळावरून हात न्यावा लागणार होता. रिवाजाचा राखणदारच तो. तिने एकदा मोडलेला रिवाज तो सगळ्या गावासमोर दुसऱ्यांदा कसा मोडणार? हात हवेत लटकला. मग त्या हाताने त्याने आपलाच कान खाजवला आणि खाली बसला.

त्याने पाद्र्यांकडे पाहिलं. पाद्र्यांनी छताकडे पाहिलं. मास्तरांना एकदम खोकला आला. मग सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले, जसे नेहमी वळतात. असं काही अवघड झालं की मी एखादा आचरट विनोद करायचा, सगळ्यांनी हसायचं आणि झालं ते झालंच नाही असं धरायचं, यासाठीच तर हे गाव मला पोसतं.

"कितियोने," जेरेमाया घशातल्या घशात म्हणाला, "बोल की काहीतरी!"

संडासाचा विनोद जिभेच्या टोकावर तयार होता, गरमागरम. मी तो गिळला.

"मला काही सुचत नाही," मी म्हणालो.

यावर म्हातारी दारातून म्हणाली, "अगं बाई! मग प्रकरण गंभीर दिसतंय."

कुणी हसलं नाही. वासेमाथा उभीच होती. सगळे बसलेले आणि ती एकटी उभी, हे आमच्याकडे किती मोठं बोलणं आहे ते इथल्या माणसालाच कळेल. ती बसली नाही.

रातूंनी पहिल्यांदा मान वर केली. आधी तिच्याकडे, मग डोक्याजवळच्या टाचणीकडे पाहिलं. आणि मुखत्याराला मध्ये न घालता सरळ आलेसीला म्हणाले, "पोरी, पाणी सोड."

निळा उजेड पसरला. गाव बुडालं. वर एक टाचणी कोरडी.

"ती कुणाची?"

"वासेमाथाची, रातू."

"आणि माझी?"

आलेसीने जेरेमायाकडे पाहिलं, मग धीर केला. "पाण्यात आहे, रातू. गळ्याइतक्या."

"जेरेमाया," रातू म्हणाले, "राजा गळ्यापर्यंत बुडाला आहे आणि तू त्याच्या डोक्यावरून कुणाचा हात गेला ते बघतो आहेस."

"पण रातू, आपणच आपली टाचणी तिथे…"

"मी लावली. राजाने उंचावरची जागा स्वतःच्या हाताने उचलायची नसते. लोकांनी म्हणायचं असतं, रातू, वर चला. माझे वडील मला हेच शिकवून गेले. सकाळपासून मी थांबलो आहे. तुमच्यापैकी एक म्हणेल, एक म्हणेल. तुम्ही सगळे माझ्या खाली येऊन बुडायला बसलात!"

माझ्या डोक्यातली दोन्ही खाती त्या दिवशी पहिल्यांदा शेजारी शेजारी उघडी पडली, आणि ती मी उघडली नव्हती.

रातूंनी मैदानातली आपली टाचणी उपटली. डोंगर त्यांच्या पुढ्यातच होता, उठावंही लागलं नाही. ती त्यांनी सोंडेवर, वासेमाथाच्या टाचणीच्या वर, नीट मापून लावली. मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. एकदा रातू वर गेले म्हटल्यावर जेरेमायाला खाली राहणं परवडेना. रातूंच्या खाली, पण त्या बाईच्या वर जागा हवी! पाद्र्यांना जेरेमायाच्या खाली, पण तिच्या वर. मास्तरांना पाद्र्यांच्या खाली. सोंडेवर रेटारेटी सुरू झाली. आता डोंगराच्या बाजूने जायला रातूंनीच हाताने वाट करून दिली, तेव्हा माणसं रांगत रांगत त्यांच्या पाठीमागून टाचण्या नेऊ लागली. म्हातारी दारातून ओरडत होती, "अरे हळू! खऱ्या डोंगराची दरड कोसळेल!"

शेवटी आलेसीने कळ दाबली. पाणी आलं, सोंडेच्या पायथ्याशी थांबलं. चादरीवर पुन्हा तीच हिरवी अक्षरं उमटली. या खेपेला जेरेमायाने ती वाचून दाखवली नाही.

तो सावरून बसला, आवाज परत कमावला आणि म्हणाला, "जागा ठरली. रातूंचा मोठेपणा. पण रिवाज रिवाज आहे. वासेमाथाने रातूंच्या वर घर लावलं. उद्या सकाळी तिने यांगोना घेऊन रीतसर माफी मागावी."

काही माना हलल्या. रिवाजाच्या आड रातूही येऊ शकत नव्हते.

वासेमाथा अजून उभी होती. तिने चादरीकडे बोट दाखवलं.

"कशाची माफी? चित्र सगळ्या गावासमोर आहे, बघा. माझ्या खाली कुणाचं घर आहे?"

सगळ्यांनी पाहिलं. जो तो तिच्या वर चढून बसला होता. ती पुन्हा सगळ्यांच्या खाली, कडेला, एकटी होती. तिच्यानंतर थेट समुद्र.

"रातू वर आहेत. तुम्ही वर आहात. गावातली डुकरंसुद्धा माझ्या वर जाणार आहेत," ती म्हणाली. "मी जिथे लावली तिथेच आहे, टाचणीभरही हलले नाही. वर तुम्ही गेलात. तुमच्यातल्या ज्याला माफी मागायची असेल त्याने मागावी."

जेरेमायाने चादरीकडे पाहिलं. यंत्राने आदल्या खेपेला त्याची बाजू घेतली होती. आता त्याच यंत्राशी भांडायचं कसं?

"मी माफी मागणार नाही," वासेमाथा म्हणाली, जणू राहून गेलेलं काम उरकावं तसं. मग दाराकडे गेली, खाली बसली, सासूचे हात गळ्यात घेतले आणि तिला पाठीवर घेऊन उठली. सगळं गाव बसलेलं, रातू बसलेले, आणि म्हातारीचं डोकं सगळ्यांच्या वर. तिथून तिने सभेवर एकदा नजर फिरवली.

"इथून छान दिसता रे सगळे," ती म्हणाली.

संध्याकाळी बोट आलेसीला घेऊन गेली. जाताना ती मला म्हणाली, मोहोर लवकर उठेल, पण रस्ता, लाकूड, पत्रे यायला वेळ लागेल. किती, ते सांगता येत नाही. मी म्हणालो, सुव्हाकडून कुणी सांगेल अशी आमची अपेक्षाही नाही.

दुकान बंद करत होतो तेव्हा वासेमाथा पाण्यातून आली. लुंगीचा काठ भिजलेला, खांद्यावर कुऱ्हाड.

"खिळे आहेत का, भाऊजी?"

"आहेत. कशाला?"

"पेनायाच्या होडीच्या फळ्या पडून आहेत. उद्यापासून सोंडेवर नेते."

"अगं, कागद तर येऊ दे. जेरेमाया म्हणेल, परवानगी कुठे आहे?"

"टाचणी आहे ना लावलेली. सगळ्या गावाने बघितली." तिने फळीवर हात पालथा ठेवला. "कागद येईल तेव्हा येईल. मोठी भरती परवा आहे."

मी खिळ्यांचा डबा काढला, मुठीने पुडीत भरायला लागलो. तिने आत डोकावून पाहिलं आणि पुडी माझ्याकडे परत सरकवली.

"हे नकोत. लांबातले द्या. वर वारा असतो."